चोवीस तासांचा हिशेब: स्वतःसाठी वेळ नेमका कुठून काढायचा?

मराठीत वेळ जातो, होतो, मिळतो आणि काढावा लागतो. यातलं शेवटचं क्रियापद मला सर्वांत खरं वाटतं. काढायचं म्हटलं की ते कशातून तरी काढावं लागतं. पगारातून दोन हजार बाजूला काढले, तर किराणा, भाडं किंवा हप्ता यांपैकी कुठल्या तरी खात्यात तेवढी तूट येते. वेळेचंही तसंच आहे. दिवसाची मिनिटं १,४४०, आणि ती कुणालाच वाढवून मिळत नाहीत.

‘स्वतःकडे लक्ष द्या’ असं सांगणारे हा हिशेब मात्र मांडत नाहीत. पहाटे उठून चाला, थोडा वेळ डोळे मिटून बसा, रोज चार पानं वाचा, सात-आठ तास झोपा. यातली प्रत्येक गोष्ट चांगलीच आहे. पण दोन डबे, सगळ्यांची न्याहारी आणि सासऱ्यांच्या गोळ्या सांभाळून सकाळची लोकल गाठणाऱ्या बाईने ही मिनिटं कुठल्या खात्यातून काढायची? झोपेतून काढली तर शरीर बिघडतं. ऑफिसच्या वेळेतून काढता येत नाहीत. उरतं घरकामाचं खातं, आणि ते तिच्या एकटीच्या नावावर चढलेलं असतं. बहुतेक घरांत स्वतःसाठीचा वेळ याच खात्यापाशी अडतो आणि सुटायचा असेल तर इथेच सुटतो, असं माझं म्हणणं आहे. ते का, हे जरा सविस्तर बघू.

वेळ मोजतात कसा?

लोक आपला वेळ कशात घालवतात हे मोजण्याची एक पद्धत आहे. भारतात १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत ती प्रायोगिक स्वरूपात वापरली गेली. देशव्यापी ‘टाइम यूज सर्वे’ पहिल्यांदा २०१९ मध्ये झाला आणि दुसरा २०२४ मध्ये. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचे कर्मचारी घरी येतात आणि सहा वर्षांवरच्या प्रत्येकाला आदल्या दिवसाबद्दल विचारतात. पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंतचा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाच्या रकान्यांत मांडला जातो. २०२४ मध्ये अशी सुमारे १ लाख ३९ हजार घरं आणि ४ लाख ५४ हजार माणसं या पाहणीत होती.

त्यातून आलेला एक आकडा पहिल्यांदा वाचताना मी थबकले. भारतीय माणूस दिवसातली ७०८ मिनिटं ‘स्वतःच्या देखभालीत’ घालवतो. म्हणजे जवळजवळ पावणेबारा तास. पुरुषांची ७१० आणि बायकांची ७०६. मग तक्रार कसली, असं वाटू शकतं. पण या वर्गात झोप येते, जेवण येतं, आंघोळ, दात घासणं, कपडे बदलणं हे सगळं येतं. जिवंत राहायला जे लागतं ते सारं त्यात धरलेलं असतं. आपण ‘मला स्वतःसाठी वेळच नाही’ म्हणतो, तेव्हा आपण दात घासण्याबद्दल बोलत नसतो.

फरक दिसतो तो पुढच्या रकान्यात. घरच्यांसाठी केलेलं बिनपगारी घरकाम, म्हणजे स्वयंपाक, झाडलोट, धुणं-भांडी, बाजारहाट. २०२४ मध्ये हे काम करणाऱ्या बायका दिवसाला २८९ मिनिटं त्यात होत्या, तर पुरुष ८८ मिनिटं. इथे एक बारकावा लक्षात घ्या. ही सरासरी फक्त त्या दिवशी ते काम केलेल्यांची आहे. ज्यांनी घरकामाला हातच लावला नाही, ते या सरासरीत नाहीतच. २०१९ च्या पाहणीत घरकाम केलेल्या बायका १०० पैकी ८१ होत्या आणि पुरुष २६. म्हणजे ८८ मिनिटांचा तो आकडासुद्धा मोजक्या पुरुषांचा आहे. शिवाय मुलं, म्हातारी माणसं, आजारी माणसं यांचं करणं हे खातं वेगळंच. २०२४ मध्ये १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के बायका ते करत होत्या, रोज सरासरी १४० मिनिटं. याच वयाच्या पुरुषांपैकी २१ टक्क्यांच्या आसपास, ७४ मिनिटं.

२८९ मिनिटं म्हणजे पावणेपाच तासांहून जास्त. रोज. रविवार, सण, ताप, पाळी काहीही असलं तरी.

एका दिवसाचा ताळेबंद

आकडे दुरून बघितले की कोरडे वाटतात, म्हणून एक दिवस उभा करू. समजा, डोंबिवलीत राहणारी आणि परळला नोकरी करणारी एक बाई. ही कुणी खरी व्यक्ती नाही, पण तिचा दिवस तुमच्या ओळखीचा वाटेल.

सव्वापाचला उठली. पावणेआठपर्यंत कणीक, भाजी, छोट्या सुट्टीचा डबा, मोठ्या सुट्टीचा डबा, मुलाला उठवणं, पाणी भरणं: १५० मिनिटं. स्वतःची आंघोळ आणि तयारी अर्धा तास. सव्वाआठला घर सोडलं, रिक्षा, लोकल, चालणं करत पावणेदहाला ऑफिसात: ९० मिनिटं. सव्वासहाला सुटली, म्हणजे जेवणाच्या सुट्टीसकट ५१० मिनिटं. परत यायला पुन्हा ९०. पावणेआठ ते सव्वादहा स्वयंपाक, अभ्यास, जेवणं, ओटा आवरणं: १५०. मग उद्याची भाजी निवडून ठेवणं, कडधान्य भिजत घालणं: १५. साडेदहा ते पावणेबारा मोबाइल: ७५. पावणेबाराला झोप. सव्वापाचला पुन्हा गजर. झोप झाली साडेपाच तास, ३३० मिनिटं. बेरीज करा, बरोबर १,४४०.

या दिवसाकडे बघून सल्ला देणाऱ्याची नजर लगेच मोबाइलच्या ७५ मिनिटांवर जाते. ‘एवढा वेळ तर वाया घालवतेस!’ मला हे वाक्य ऐकलं की वाईट वाटतं. कारण पहाटे सव्वापाचपासून रात्री साडेदहापर्यंत तिच्याकडे कुणी ना कुणी काही ना काही मागत होतं. साडेदहानंतरची ७५ मिनिटं ही त्या दिवसातली पहिली वेळ आहे, जेव्हा तिला कुणी हाक मारत नाही. ती ते रील बघण्यासाठी जागी नाही. आजचा दिवस आपलाही होता असं थोडं तरी वाटावं, म्हणून ती जागी आहे.

झोप येत असूनही, बाहेरचं काही कारण नसूनही झोपायला जाणं लांबवणं, याला संशोधनात ‘बेडटाइम प्रोक्रॅस्टिनेशन’ असं नाव आहे. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठातल्या फ्लोर क्रूझा यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये त्यावर लिहिलं. चीनमधल्या तरुण नोकरदारांनी याच सवयीला ‘सूड म्हणून केलेलं जागरण’ म्हटलं, आणि तो शब्दप्रयोग जगभर पसरला. दिवसाने माझा वेळ घेतला, मग मी रात्रीकडून तो वसूल करते.

अडचण अशी की ही वसुली आपल्याच शरीराकडून होते. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं आणि झोपेत त्याचा निचरा होतो. ते साचलं की जडपणा येतो. चहा-कॉफीतलं कॅफिन अ‍ॅडेनोसिनच्या जागा अडवून बसतं, म्हणून तरतरी येते. पण साचलेलं रसायन जात नाही, ते फक्त जाणवेनासं होतं. कॅफिन अर्धं उतरायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाच्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री अकरालाही अंगात असतं.

२००३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रौढ माणसांना सलग चौदा दिवस रात्री सहाच तास झोपू दिलं. चौदा दिवसांनी त्यांची सावधता आणि स्मरण तपासलं, तर ते एक अख्खी रात्र अजिबात न झोपलेल्या माणसांइतकं घसरलं होतं. याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांना स्वतःला ते तितकंसं जाणवत नव्हतं. ‘मला साडेपाच तास पुरतात, सवय झालीये’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे शांतपणे वाचावं. सवय झालेली असते ती थकव्याची. मोठ्या माणसाला सात तास किंवा त्याहून जास्त झोप लागते, असं अमेरिकेतल्या निद्रावैद्यकाच्या दोन प्रमुख संस्थांनी २०१५ मध्ये एकत्रितपणे सांगितलं आहे.

म्हणून स्वतःची काळजी म्हणजे काय, याच्या यादीत मी झोप सगळ्यांत वर ठेवते. पहाटे चारला उठून योगासनं करायची आणि त्यासाठी झोपेतला तास कापायचा, हा सौदा मला मान्य नाही.

अर्धा तास रिकामा आहे, तरी मन रिकामं नाही

आता दुसरी गुंतागुंत. लोकलमध्ये दीड तास बसायला मिळालं, तर तो वेळ स्वतःचा म्हणायचा का? मुंबईच्या लोकलमधले बायकांचे डबे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना मांडीवर पिशवी घेऊन मटार सोलणाऱ्या, मेथी निवडणाऱ्या बायका आठवतील. हा प्रवास की स्वयंपाक? पाहणीत एकाच वेळी चाललेली दोन कामं नोंदवायची सोय आहे. पण सोलताना डोक्यात जे चाललेलं असतं, ते कुठल्या रकान्यात बसवायचं?

गॅसचा नंबर लावायचा राहिलाय. शाळेत गुरुवारी पांढरा शर्ट लागणार आहे. आईच्या डोळ्यांची तारीख घ्यायची आहे. कामवाल्या मावशी परवा येणार नाहीत. हे सगळं कुणीतरी डोक्यात धरून ठेवत असतं, म्हणून घर चालतं. समाजशास्त्रज्ञ अ‍ॅलिसन डॅमिंगर यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या ३५ जोडप्यांशी बोलून या अदृश्य कामाचे चार भाग पाडले: पुढे काय लागणार ते ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं आणि झालं की नाही ते बघत राहणं. ठरवण्याच्या टप्प्यावर दोघं बऱ्यापैकी बरोबर असायचे. पण आधीचं ओळखणं आणि नंतरचं बघत राहणं, हे जास्त करून बायकोच्या वाट्याला यायचं. आपल्याकडच्या घरात हे वेगळं सांगायला नको. ‘पंखा कुठला घ्यायचा?’ यावर चर्चा दोघांची होते. पंखा बिघडलाय हे लक्षात कोण ठेवतं, मेकॅनिक आला की नाही हे कोण बघतं, ते तुम्हीच आठवून पाहा.

शिवाय मन एका कामावरून दुसऱ्या कामावर पूर्णपणे उठून जात नाही. संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की अर्धवट सोडलेल्या कामात लक्षाचा काही भाग अडकून राहतो आणि पुढच्या कामाला तेवढं कमी लक्ष मिळतं. म्हणून पाच-पाच मिनिटांचे सहा तुकडे जोडून अर्ध्या तासाची विश्रांती होत नाही. चहाचा कप हातात आहे, पण कान कुकरच्या शिट्टीकडे आणि डोळे मुलाच्या वहीकडे. तो चहा पोटात जातो, तरी बसल्यासारखं वाटत नाही.

मग खरी विश्रांती कशाला म्हणायचं? जर्मन मानसशास्त्रज्ञ झाबिने झोनेनटाग आणि त्यांच्या सहकारी शार्लोट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये चार गोष्टी मांडल्या. कामापासून मन सुटणं. शरीर सैल होणं. काहीतरी शिकल्याचं किंवा जमल्याचं समाधान. आणि हा वेळ कसा घालवायचा हे स्वतः ठरवता येणं. यातली चौथी गोष्ट मला फार मोलाची वाटते. नवऱ्याने रविवारी सगळ्यांना हॉटेलात नेलं, तर स्वयंपाक वाचतो हे खरं. पण मुलं काय खातील, कोणाला तिखट चालत नाही, परतायला उशीर किती होईल हे तिच्याच डोक्यात असेल, तर मन सुटलेलं नसतं. उलट तीच बाई दुपारी तासभर दार लावून पेटीवर बोटं फिरवत बसली, तर दमूनही ताजी उठेल. म्हणून कुणाला काय केल्याने बरं वाटेल याची तयार यादी देता येत नाही. एखाद्याला भाजी निवडण्यातच शांत वाटत असेल, तर ती त्याची विश्रांती. फक्त ती त्याने स्वतः निवडलेली हवी.

आजीच्या काळात हे कसं जमायचं?

‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ असं घरातली मोठी माणसं म्हणतात. नाव नव्हतं, हे खरं. पण सोय होती, आणि ती कशी होती हे समजून घेण्यासारखं आहे. श्रावणातली मंगळागौर, आश्विनातला भोंडला, हळदीकुंकू, मंगळवारचं भजनी मंडळ, बाळंतपणाचं किंवा दिवाळीचं माहेरपण. यांत तीन गोष्टी समान दिसतात. दिवस पंचांगाने किंवा मंडळाने ठरवलेला, त्यामुळे ‘सवड झाली की’ हा प्रश्नच नाही. सोबतीला चारचौघी, त्यामुळे एकटीने रद्द करता यायचं नाही. आणि देवाचं किंवा रीतीचं नाव पुढे, त्यामुळे सासूलाही नको म्हणता यायचं नाही. मंगळागौरीच्या रात्री फुगड्या, झिम्मा, पिंगा घालताना घाम निघायचा, हसू यायचं आणि सासरची उणीदुणी गाण्यांतून बोलून टाकता यायची.

जात्यावरच्या ओव्यांचंही तेच. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. भाऊ, आई, पंढरपूर, नशीब, नवऱ्याचा मार, सगळं त्यांत आहे. पहाटे घर झोपलेलं असताना बाईला मन मोकळं करायला ती जागा मिळायची. पण याचा सोहळा करू नये. ती पीठ दळत होती. हात भरून येईपर्यंत दळत होती. तिला दळण्यातून सुटका हवीच होती आणि गिरणीने ती दिली.

मग गिरणीने, गॅसने, मिक्सरने, वॉशिंग मशीनने वाचवलेला वेळ गेला कुठे? अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी त्यांच्या देशातल्या घरांचा अभ्यास करून याचं उत्तर १९८३ मध्ये दिलं. यंत्रांनी कष्ट कमी केले, पण तास फारसे घटले नाहीत. कारण अपेक्षा वाढल्या, आणि पूर्वी पुरुष, मुलं, नोकर जी कामं करत ती यंत्रामुळे कमी झाली, तरी बाईची कामं राहिलीच. आपल्याकडे बघा. धुणं सोपं झालं, तसे रोज बदलायचे कपडे वाढले. गॅस आला, तशी गरम पोळी ताटात वाढायची रीत पक्की झाली. एकाच स्वयंपाकात आता मधुमेहाचं वेगळं, मुलाचं वेगळं, डाएटचं वेगळं. म्हणून नवं यंत्र घेतलं की वेळ निघेल, या भरवशावर राहू नका. यंत्र आलं त्याच दिवशी ‘वाचलेला अर्धा तास कुणाचा?’ हे ठरवलं नाही, तर तो अर्धा तास घरच गिळतं.

खातं दुसऱ्याच्या नावावर करणं

इथून पुढे कामाचं बोलू. आधी एक वही घ्या. पाहणीत करतात तसं तीन दिवस लिहा, दोन कामाचे आणि एक सुट्टीचा. अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने. पहिल्या उभ्या ओळीत काय केलं, दुसऱ्या ओळीत त्याच वेळी आणखी काय चालू होतं, तिसऱ्या ओळीत डोक्यात कुणाची काळजी होती. शक्य असेल तर घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने आपापली वही लिहावी. भांडण करायला ती वापरू नका. एकमेकांसमोर ठेवून नुसती बेरीज करा. कागदावर बेरीज दिसली की ‘मी पण मदत करतोच की’ या वाक्याचं वजन आपोआप कळतं, आणि कधी कधी नवऱ्याची खरी दमणूकही पहिल्यांदा दिसते. दोन पाळ्यांत काम करणाऱ्या, रात्री उशिरापर्यंत पार्सलं पोचवणाऱ्या पुरुषाकडेही स्वतःची मिनिटं नसतात. त्याची वहीही तितक्याच आस्थेने वाचायला हवी.

मग वाटणी. इथे बहुतेक घरं एक चूक करतात. काम देतात, पण जबाबदारी ठेवून घेतात. “अरे, येताना दूध आण.” त्याने दूध आणलं, पण संपलंय हे तिनेच ओळखलं, तिनेच सांगितलं, उद्याही तीच बघणार. वाचली फक्त पायपीट. डॅमिंगर यांचे चारही भाग एकत्र दिले, तरच डोकं मोकळं होतं. “आजपासून दूध, अंडी, फळं हे खातं तुझं. संपलं की नाही ते तू बघायचं, कुठून आणायचं ते तू ठरवायचं. एखाद दिवशी नसलं तर सगळे कोरा चहा पिऊ.” शेवटचं वाक्य फार गरजेचं आहे. दुसऱ्याच्या हातचं काम आपल्यासारखं होणार नाही. पोळ्या नकाशासारख्या होतील, ओट्याचा कोपरा राहील. तो कोपरा पुसायला आपण उठलो, की खातं परत आपल्या नावावर येतं. हे अवघड आहे, मी सोपं म्हणत नाही. वर्षानुवर्षं आपली कदर ज्या कामावरून झाली, ते सोडताना हात थरथरतो.

मघाच्या डोंबिवलीच्या हिशेबात हे लावून बघा. तिच्या घरकामाची ३१५ मिनिटं होतात. त्यातली रात्रीची जेवणं, ओटा आणि अभ्यास मिळून ६० मिनिटं नवऱ्याने उचलली, दुसऱ्या दिवशीची तयारी मुलाने शिकून घेतली, तर तिला ७५ मिनिटं सुटतात. त्यातली ३० ती स्वतःला घेईल. ४५ लवकर झोपेल. आणि दिवसात अर्धा तास स्वतःचा मिळाला, तर रात्री मोबाइलवर वसुली करायची निकडही थोडी उतरते. तिथूनही पाऊण तास झोपेकडे वळला, तर साडेपाचाचे सात तास होतात. कुठलंही ध्यान शिबिर न लावता.

जिथे वाटून घ्यायला दुसरं माणूसच नाही, एकटी आई, एकटा मुलगा आणि अंथरुणाला खिळलेले वडील, तिथे हा मार्ग अपुरा आहे. तिथे काम देण्यापेक्षा सोडण्याचा विचार करावा लागतो. आठवड्यातून दोन रात्री खिचडी. पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या. इस्त्री बंद. शेजारणीशी अदलाबदल: शनिवारी तुझी मुलं माझ्याकडे, रविवारी माझे वडील तासभर तुझ्या नजरेखाली. नातेवाइकांनी ‘काही लागलं तर सांगा’ म्हटलं, तर वार आणि तास सांगून टाका.

लहान सुरुवात आणि कुकरच्या शिट्ट्या

सुटलेली मिनिटं भरायला घाई करू नका. पण व्यायामाबद्दल एक दिलासा देणारी गोष्ट सांगते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सुचवते. पूर्वी ती किमान दहा-दहा मिनिटं सलग हवी, अशी अट होती. २०२० च्या मार्गदर्शनात ती अट काढली गेली. जिना, स्टेशनपर्यंतचं भरभर चालणं, मुलाबरोबरची पळापळ, सगळं धरलं जातं.

नवी सवय लावायची तर ती जुन्या सवयीच्या शेपटाला बांधा. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांचं काम यावरच आहे: ‘मी व्यायाम करेन’ असं ठरवण्यापेक्षा ‘अमुक झालं की मी तमुक करेन’ असं ठरवलं, तर ते होण्याची शक्यता वाढते. “कुकर लावला की मी गॅलरीत बसेन, तीन शिट्ट्या होईपर्यंत. शिट्ट्या मोजायचं काम मुलाचं.” लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांच्या सवयींवर बारा आठवडे लक्ष ठेवलं. सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा आला, पण कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. आणि मधे एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. गणपतीत आठवडा मोडला म्हणून सोडून देऊ नका.

एक गोष्ट मात्र लांबवू नका. थकवा दर वेळी वेळेचा प्रश्न नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. जिना चढताना धाप, केस गळणं, सतत मरगळ, यांचं कारण तिथे किंवा थायरॉइडमध्ये असू शकतं, आणि ते साध्या रक्ततपासणीत कळतं. सगळ्यांना वाढून शेवटी उरलेलं खाण्याची रीत, त्यात जेवणावर लगेच चहा. चहातले घटक अन्नातलं लोह नीट शोषू देत नाहीत. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा आणि भाजी संपायच्या आत आपलं ताट वाढून घ्या. मन आठवडेच्या आठवडे उदास राहत असेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर वेळापत्रक बदलून ते बरं होईल याची वाट बघू नका. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं, मराठीतही.

तीन दिवसांची वही भरून झाली की चौथं पान कोरं ठेवा. त्यावर पुढच्या आठवड्यातला एकच अर्धा तास आखा. आधी वार लिहा. मग वेळ. मग त्या अर्ध्या तासात गॅसपाशी कोण उभं असेल, त्याचं नाव, त्याच्याच अक्षरात.